शनिवारी सरांच्या घरी

शनिवारचा तास साडेनऊला संपायचा. सर डस्टर टेबलाच्या कडेला ठेवायचे, छत्री उचलायचे आणि चालू लागायचे. त्यांच्या मागून चार जण निघायचे, तीन मुलगे आणि दादरची एक मुलगी. सरांची चाळ गिरगावातच, कॉलेजपासून पायी दहा मिनिटांवर. तिथे बाहेरच्या खोलीत चटईवर बसून हे चौघं ग्रीक संवाद मोठ्याने वाचायचे. भाषांतर सरांनी स्वतः केलेलं, निळ्या शाईत, दोनशे पानी वह्यांमध्ये. एकाने त्या अथेन्सच्या म्हाताऱ्याचं बोलायचं, बाकीच्यांनी त्याच्याशी वाद घालणाऱ्यांचं. मध्येच सरांच्या पत्नी पोहे आणि चहा आणून द्यायच्या.

हे सगळं मला त्या दादरच्या मुलीने सांगितलं. मी स्वतः कधी गेले नाही, कारण मला बोलावलं नाही. वर्गात आम्ही होतोच मुळी नऊ जण. त्यातले दोघं हजेरीपुरते यायचे, दोघं तेवढेही यायचे नाहीत. म्हणजे खरं तर एकटी मीच उरायची. मी बसस्टॉपवर उभी राहून त्या पाचांना कोपऱ्यावरून वळताना बघायची आणि लालबागची बस पकडायची.

हा राग मी बत्तीस वर्षं सांभाळला. लोणच्यासारखा, अधूनमधून बरणी हलवून.

माझी आई लालबागला खानावळ चालवायची. खानावळ म्हणजे आमचीच दीड खोली. गावी बायकामुलं ठेवून मुंबईत एकटे राहणारे गिरणीकामगार पाळीप्रमाणे जेवायला यायचे, भिंतीला पाठ लावून ओळीने बसायचे. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. मी बारावीत असताना संप सुरू झाला. होळीपर्यंत मिटेल, मग गणपतीपर्यंत मिटेल, असं म्हणता म्हणता जेवायला येणारे एकेक करून गावी गेले. जे उरले त्यांना आई वाढत राहिली. बाजार करायचं काम माझ्याकडे आलं, कारण आई भिडस्त होती. मी नव्हते.

कॉलेजात गेले तेव्हा मला मानसशास्त्र हवं होतं. जागा भरल्या होत्या. खिडकीतला क्लार्क म्हणाला, "तत्त्वज्ञान रिकामं आहे. घेऊन टाका."

"त्यात काय शिकवतात?"

"काही नाही."

"मग परीक्षा कशाची घेतात?"

त्याने खिडकी बंद केली. सकाळचं कॉलेज, वर्ग साडेसातला, दुपारी खानावळीला मी मोकळी. एवढ्यावर मी तत्त्वज्ञान घेतलं.

पहिलं वर्ष असंच गेलं. दुसऱ्या वर्षी ग्रीक तत्त्वज्ञानाचा पेपर आला आणि तो शिकवायला हे सर. उंच, सडपातळ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, मुलामुलींना 'अहो-जाहो' करणारे. सुरुवातीला जग पाण्यापासून झालं म्हणणारा एक, अग्नीपासून झालं म्हणणारा दुसरा. मी घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "भात शिजवूक दोनी लागतत. भांडतत कित्याक?"

मग तो म्हातारा आला. विषाचा पेला प्यायला तो. नाव सगळ्यांना माहीत आहे, पण आमच्या घरी त्याला म्हाताराच म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. हा माणूस दिवसभर बाजारात उभा. चांभार, कुंभार, सुतार, आचारी, जो भेटेल त्याला प्रश्न विचारणार. स्वतःचं मत सांगायचं नाही, समोरच्याला आधी बोलायला लावायचं आणि मग त्याच्याच बोलण्यातून त्याला खाली आणायचं. मी पहिल्या बाकावर बसून ऐकत होते. हे तर मी रोज पहाटे दादरच्या भाजी मार्केटात करत होते! पहिला भाव आपण सांगायचा नाही, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. अडीच हजार वर्षांपूर्वी कोणीतरी तेच करत होतं आणि त्याचं कॉलेजात पुस्तक लावलं होतं.

घरी आईने विचारलं, "ह्यो म्हातारो दिसभर बाजारात, मगे घर कोण चालवी?"

"बायको."

"तर तिचो फोटो लावूक सांग कॉलेजात."

वडील कोपऱ्यात पडून होते, ते हसले. संपात ते हसलेले मला फार थोड्या वेळा आठवतात, त्यातलं हे एक.

आता मार्केटातली रीत सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिच्यात आहे. जो माल हवा, त्याच्याकडे नीट बघायचं नाही. बघितलं तर नाक मुरडून. "ही काय वांगी म्हणायची? गुरं तोंड लावणार नाहीत." भाजीवालाही तयारीचा असायचा: "गुरांना आणूच नका ताई, तुम्हीच न्या." जेवढा माल आवडला, तेवढी नावं जास्त ठेवायची. मग "राहू दे" म्हणून पाठ फिरवायची आणि चालायला लागायचं, पण हळू. पहिल्या पावलाला तो आकाशाकडे बघतो. दुसऱ्याला पाणी मारतो भाजीवर. तिसऱ्याला टोपली सारखी करतो. चौथ्याला हाक येते, "ओ ताई, या इकडे." चौथ्या पावलाला हाक आली नाही असं माझ्या बाबतीत कधी झालं नव्हतं.

पहाटे पाचपासून साडेसहापर्यंत मी असं बोलायची आणि साडेसातला वर्गात बसायची. जीभ मध्ये बदलायला वेळ कुठे होता?

तर मी वर्गातही तेच करत होते. म्हाताऱ्याचा एखादा युक्तिवाद इतका आवडायचा की बसमध्ये पुन्हा पुन्हा घोळवायची, आणि वर्गात हात वर करून म्हणायची, "सर, हे काय एवढं मोठं सांगितलं याने? आमच्या चाळीत कोणीही सांगेल." सर शांतपणे म्हणायचे, "असं वाटतं तुम्हाला?" आणि पुढे जायचे. मी वाट बघायची की ते आता माल खपवायला येतील, पटवतील, दोन गोष्टी जास्त सांगतील. ते मान हलवून पुढचं पान उलटायचे.

एकदा तर मी भडकलेच. सरांनी सांगितलं की म्हाताऱ्याच्या मते स्वयंपाक ही विद्याच नव्हे. वैद्य शरीराचं हित जाणतो, आचारी फक्त जिभेची खुशामत करतो. मी उभी राहिले.

"सर, याने कधी पन्नास माणसांचा भात टाकलाय का?"

वर्ग हसला.

"नाही, हसू नका. आमच्याकडे कामगार येतात, ताप आलेला कोण, पोट बिघडलेलं कोण, आई ताट बघून ओळखते. त्याला आमटी पातळ करून घालते. ती काय जिभेची खुशामत झाली? याच्या बायकोने याला दोन दिवस उपाशी ठेवायला हवं होतं, म्हणजे कळलं असतं विद्या कशाला म्हणतात."

सरांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "बसा." तास तिथेच संपला. दादरची मुलगी जिन्यात मला म्हणाली, "अगं, सरांशी असं बोलतात का?"

त्याच महिन्यात मी शनिवारचा सौदा करायला गेले. खूप विचार केला होता. शेवटच्या संवादाचं वाचन सुरू होणार असं कानावर आलं होतं. तुरुंगातला म्हाताऱ्याचा अखेरचा दिवस. सरांनी वर्गात तो भाग शिकवला नव्हता, म्हणाले होते, हा बाकावर बसून ऐकण्याचा नव्हे. मला तो ऐकायचा होता. दुसरं काही नको होतं त्या वर्षी. तास संपल्यावर मी टेबलापाशी गेले.

"सर, शनिवारी तुमच्याकडे काहीतरी वाचतात म्हणे."

"हो."

"कंटाळत असतील मुलं. तेच तेच."

सर जरा थांबले. "कंटाळत असतील, खरं आहे."

"मला तर कोणी बोलावलं तरी जमायचं नाही. दुपारचं सगळं बघावं लागतं."

"बरोबर आहे," सर म्हणाले. "तुम्हाला वेळ कुठे."

मी पाठ फिरवली. एक पाऊल, दोन पावलं. दारापर्यंत वर्ग माझ्या चालीने नऊ-दहा पावलं असेल. चौथ्या पावलाला मी जवळजवळ थांबलेच. दारात चप्पल नीट करायला वाकले. जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहून वही उघडली आणि मिटली. वर्गातून छत्री उचलल्याचा आवाज आला, बस्स.

त्या दिवशी मी ठरवून टाकलं. मी लालबागची, खानावळवालीची पोरगी, माझ्या कपड्यांना फोडणीचा वास येतो, म्हणून त्यांच्या चटईवर मला जागा नाही. हे एकदा ठरवलं की पुरावे सापडत जातात. मला त्या पेपरात वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मिळाले, तरी मी म्हटलं, बघा, मार्क द्यावे लागले, पण घरात घेतलं नाही.

बी. ए. झाले. संप कधी संपला ते कोणी सांगितलंच नाही. वडिलांची गिरणी उघडली नाही. ते गावी गेले, चार वर्षांनी तिथेच वारले. मी नोकरीच्या मागे लागले नाही. खानावळीची भांडी होती, आईचा हात होता, माझं तोंड होतं. आधी बारशी, मग साखरपुडे, मग लग्नाच्या ऑर्डरी. परळला गाळा घेतला. कोणाचा पाठिंबा नाही, कोणाची ओळख नाही. हे मी मुलांना इतक्या वेळा ऐकवलं आहे की ती माझ्या आधी वाक्य पूर्ण करतात. आणि एक गोष्ट कबूल करते: गिरगावची ऑर्डर आली की मी भाव चढा लावायची. का, ते कोणाला सांगितलं नाही.

अशीच एक दिवस गिरगावची बाई गाळ्यावर आली, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन, घरचीच पन्नास-साठ माणसं. चवीला म्हणून मी मसालेभात, अळूची भाजी, जिलबी पुढे ठेवली. तिने सगळ्याला नावं ठेवली. भात मोकळा नाही, अळूत दाणे कमी, जिलबी जाड. अर्धा तास. माझा पारा चढत होता, पण धंद्यात एक कळलेलं असतं: वा वा करणारा "फोन करतो" म्हणून जातो. नावं ठेवणारा ऑर्डर देऊन जातो.

"आणि तुम्ही गिरगावकरांना महाग लावता म्हणे," ती म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"आमच्या वाडीत सगळेच."

तिने पत्ता लिहून दिला. चाळीचं नाव मी दोनदा वाचलं. ते नाव मी दादरच्या मुलीकडून कितीदा ऐकलं होतं.

"तुमचे सासरे कॉलेजात शिकवायचे?"

"हो! तुम्ही त्यांच्या विद्यार्थिनी? मग कमी करा की थोडं."

मी म्हटलं, आधी जागा बघावी लागेल, चुली कुठे मांडायच्या, पंगत कुठे बसवायची. कधी येऊ? ती म्हणाली कधीही. शनिवार मीच सांगितला. सकाळी.

जाताना मी चांगलं नेसून गेले आणि मनात सगळं तयार ठेवलं होतं. काय बोलायचं, कुठून सुरू करायचं. बत्तीस वर्षांची तयारी. सर खिडकीशी आरामखुर्चीत बसले होते. शर्ट तसाच पांढरा. नजर मात्र गेलेली, माणसाच्या आकाराकडे बघावं तसं बघत होते. सुनेने मोठ्याने सांगितलं, "बाबा, तुमच्या विद्यार्थिनी आहेत. लालबागच्या."

"पन्नास माणसांचा भात?" सर म्हणाले.

मी पदर सावरत पुढे झाले.

"तुम्हीच ना त्या? मी निवृत्त होईपर्यंत दर वर्षी तो भाग शिकवताना सांगत असे, लालबागच्या एका विद्यार्थिनीचा इथे आक्षेप आहे, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. त्या दिवशी मी तास सोडून दिला, आठवतं? घरी येऊन हिच्या सासूला विचारलं. ती म्हणाली, मुलगी बरोबर बोलतेय."

मी तयार केलेलं सगळं विसरले. राग मात्र अजून होता, तो तोंडातून निघालाच. "मग मला शनिवारी का नाही बोलावलंत?"

सर गोंधळले. खरोखर गोंधळले. "तुम्हाला कसं बोलावणार? तुम्हाला तो विषय मुळीच आवडत नव्हता."

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच. दर तासाला."

सून दारात उभी होती, तिला हसू आवरेना.

"माझ्या मनात तुमचं नाव पहिलं होतं," सर सांगत होते. "पण तुम्ही म्हणालात वाचन कंटाळवाणं असतं, दुपारी काम असतं. मी म्हटलं, ही मुलगी पहाटेपासून राबते, न आवडणारा विषय निमूट शिकते, तिचा शनिवार आपण कशाला खायचा? बोलावलं असतं तर भिडेने आला असतात."

भिडेने! मी!

"सर, तुम्ही कधी बाजारात भाव केलाय?"

"नाही हो. हिची सासू करायची. मी सांगतील ते देऊन येतो म्हणून मला पाठवतच नसे."

मी खाली चटईवर बसले. खुर्ची होती, पण चटईवरच बसले. मला वांग्यांची टोपली दिसली, वर्गाचं दार दिसलं, नऊ-दहा पावलं दिसली. सरांना हाक मारायची रीतच माहीत नव्हती. मी ज्या दुकानात सौदा करत होते, तिथे दुकानदारच नव्हता. वास, खानावळ, लालबाग यांतलं काही नव्हतं. छातीवरून मोठं पातेलं कोणी उतरवून घ्यावं तसं झालं. मी इतकी हसले की सुनेने पाणी आणलं.

मग मी जन्मात पहिल्यांदा माझा भाव आधी सांगितला. "सर, मला तो शेवटचा दिवस वाचायचाय. तेव्हाही वाचायचा होता. दुसरं काही नको होतं."

"वह्या कपाटात आहेत," सर म्हणाले. "आता मला दिसत नाहीत. आणि वाचून दाखवायला कोणी येत नाही."

सुनेने वही काढून दिली. निळी शाई थोडी विटली होती, पण अक्षर स्वच्छ होतं. मी वाचायला लागले. म्हाताऱ्याचं मीच, बाकीच्यांचंही मीच. सर डोळे मिटून ऐकत होते, एखादा शब्द माझ्या आधी पुटपुटत. तुरुंगात मित्र रडतायत, म्हातारा त्यांना गप्प बसवतोय, पेला हातात घेतो, पितो, फेऱ्या मारतो, पाय जड झाले की आडवा होतो. पायापासून गारठा वर चढत जातो. आणि अगदी शेवटी तोंडावरचं पांघरूण बाजूला करून मित्राला सांगतो की देवाचा एक कोंबडा द्यायचा राहिलाय, विसरू नका.

मी थांबले.

सर म्हणाले, "इथे मुलं दर वर्षी हसायची. एवढा मोठा माणूस, आणि शेवटी कोंबडा. तुम्ही हसला नाहीत."

मी सांगितलं. माझे वडील गावी वारले तेव्हा मी उशाशी होते. आमच्याकडे शेत राखणाऱ्या देवाला, म्हणजे राखणदाराला, वर्षाचा कोंबडा देतात, त्याला राखण म्हणतात. दोन दिवस वडील कोणाशी बोलले नव्हते. शेवटी मला जवळ बोलावलं. मला वाटलं संपाचं काही बोलतील, गिरणीचं, आमचं काय होणार त्याचं. ते म्हणाले, "राखणेचो कोंबो रवलो हा गो. इसरू नको." एवढंच. मला तेव्हा वाईट वाटलं होतं, की एवढ्या वर्षांचं आपलं माणूस शेवटचं बोललं ते हेच. कोंबडा मी दुसऱ्या आठवड्यात दिला, पण ते वाईट वाटणं राहिलं होतं.

"तेव्हा ऐकलं असतं हे," मी म्हटलं, "तर ते केवढं मोठं बोलले हे मला उशाशी बसून कळलं असतं."

सरांनी हात पुढे केला. मला वाटलं वही मागतायत, मी वही दिली. त्यांनी ती पुन्हा माझ्या हातात ठेवली.

"पुढच्या शनिवारी दुसरी वही काढू. तुम्हाला जमेल का?"

"बघते" हा शब्द जिभेवर आला होता. तो गिळला. "येते. साडेनऊला."

जिन्यापर्यंत सून सोडायला आली. चुलींची जागा ठरली होती, पंगत गच्चीवर. तिने पुन्हा सुरू केलं, "जिलबी मात्र जाडच होती हं तुमची. आणि भावाचं काही बघणार नसाल तर राहू दे, आम्ही दुसरीकडे विचारतो." असं म्हणून ती वळली आणि दाराकडे चालू लागली. हळू.

तिसऱ्याच पावलाला मी हाक मारली.